अडकित्त्याशेजारची अर्धी गोळी

या ग्रुपवर मी बरीच वर्षं नुसता वाचक आहे. खरं सांगायचं तर टवाळी करायलाच वाचायचो. कुणाला पिंपळाखाली बाई दिसली, कुणाच्या गाडीमागे कोण धावलं... चहा पिता पिता बायकोला वाचून दाखवायचो आणि हसायचो. मी सातपूरला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. जी गोष्ट मायक्रोमीटरमध्ये पकडता येत नाही, ती माझ्या लेखी नसतेच. त्यामुळे आज स्वतःच इथे लिहायला बसल्याची लाज वाटते आहे. आणि लाज वाटायचं ते एकच कारण नाही.

दुसरं कारण आधीच सांगून टाकतो. मी नऊ वर्षं डिप्रेशनची गोळी घेतो आहे.

हे एवढं वाक्य टाइप करून मी उठलो, पाणी प्यायलो आणि मग परत येऊन बसलो.

घरात फक्त मनीषाला, म्हणजे माझ्या बायकोला, माहीत होतं. मुलगी श्रेया कॉलेजला आहे, तिला सांगितलेलं — पित्ताची गोळी. कंपनीतही तेच. परिणाम असा झाला की अख्खं डिपार्टमेंट माझ्या पित्ताच्या मागे लागलं. कोणी मोरावळा आणायचं, कोणी कोकम. आमचा भामरे तर रोज धने-जिऱ्याचं पाणी बाटलीत भरून आणायचा, आणि मी ते मुकाट प्यायचो. गंगापूर रोडला डॉक्टरकडे जाताना गाडी मागच्या गल्लीत लावायची आणि जिना चढून होईपर्यंत हेल्मेट काढायचं नाही, असा माझा शिरस्ता.

गेल्या वर्षी डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "आता बरं चाललंय तुमचं. हळूहळू कमी करून बघू या."

मी हुरळून गेलो. म्हटलं, महिन्याभरात सुट्टी! त्या हसल्या. "घाई करायची नाही. मी सांगीन तेव्हा आणि सांगीन तेवढंच. जिना उतरताना माणूस शेवटच्या पायरीवर पडतो. उतरलो असं वाटतं ना, म्हणून."

गोळीचे तुकडे करायचे होते. मेडिकलमध्ये त्यासाठी छोटं कटर मिळतं म्हणे, पण दुकानदार ओळखीचा, मागायची लाज वाटली. मग आईचा अडकित्ता आठवला. आईला जाऊन सहा वर्षं झाली. तिचा पितळी पानाचा डबा आमच्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर तसाच होता. रोज सकाळी चहाच्या आधी ओट्यापाशी उभं राहून अडकित्त्याने गोळी कापायची, मग अडकित्ता धुऊन-पुसून परत डब्यात. प्रत्येक वेळी डोस कमी झाला की काही दिवस नुसती चिडचिड, झोप उडालेली, कशात मन लागत नाही. मॅडमना सांगितलं की त्या म्हणायच्या, थांबा, पुढची पायरी इतक्यात नको. अशा दिवसांत दोन्ही तुकडे अगदी सारखे पडले, तर तेवढाच दिवसाचा आनंद. हसू नका, पण मी त्याच्यावरच तग धरून होतो.

मग एक दिवस कॅन्टीनमध्ये डब्याच्या पिशवीतून गोळ्यांची स्ट्रिप खाली पडली. भामरेने उचलली. भला माणूस, आपल्याही पित्ताला चालते का बघावं म्हणून त्याने मोबाइलवर नाव टाकलं. आणि हळूच, पण टेबलाला ऐकू जाईल इतपत, म्हणाला, "भाऊ, ही तर डोक्याची गोळी हे."

कोणी हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं. दुसऱ्या दिवसापासून सगळे माझ्याशी दवाखान्यात भेटायला आल्यासारखे बोलायला लागले. धने-जिऱ्याचं पाणीही बंद झालं.

मनीषा आणि श्रेया तेव्हा लग्नासाठी दिंडोरीला, मनीषाच्या माहेरी गेल्या होत्या. घरात मी एकटा. सकाळी खाली घंटागाडी आली तशा घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या स्ट्रिप पिशवीत कोंबल्या आणि गाडीत टाकून आलो. घ्यायचीच नाही, तर लपवायची कशाला! वर येऊन अडकित्ता धुतला, डब्यात ठेवला, डबा फळीवर ठेवला. हे मला लख्ख आठवतं.

पुढचे दिवस फार वाईट गेले. मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं व्हायचं. सिग्नलला उभा असताना ढसाढसा रडलो, काहीही कारण नसताना. रजा टाकली. मनीषाला फोनवर "मस्त चाललंय" म्हणायचो. नको नको ते विचार येऊ लागले आणि मला माझीच भीती वाटायला लागली. तरी मॅडमना फोन करायला हात धजेना. सांगणार काय, की चारचौघांत लाज वाटली म्हणून औषध कचऱ्यात टाकलं?

आणि मग ती सकाळ. चांगलं ऊन आलं होतं ओट्यावर. चहा ठेवायला गेलो तर अडकित्ता बाहेर. तोंड उघडं. शेजारी बशीत अर्धी गोळी.

दार बघून आलो. आतून कडी होती. फळीवर डबा जागच्या जागी, झाकण लावलेलं.

गोळी नीट पाहिली. माझी पांढरी असते. ही फिकट गुलाबी होती. आणि काप तिरका होता. मी गोळी सरळ कापतो, त्याचाच तर मला अभिमान. आमच्या घरात तिरका काप एकाच माणसाचा. आई डावखुरी होती, तिची सुपारी कायम तिरकी कापली जायची.

तुम्हाला वाटेल, मी घाबरलो असेन. नाही हो. चोरी करताना आईने पकडावं तशी मान खाली गेली माझी.

गोळी तोंडात घातली नाही. कागदात बांधली आणि रिक्षा थेट डॉक्टरांच्या दारात नेली. हेल्मेट नव्हतं, तोंड लपवायचं सुचलंही नाही. मॅडम आधी चांगल्याच रागावल्या. "एकदम बंद? कोणी सांगितलं होतं?" मग कागद उलगडून बघत राहिल्या. "ही मी दिलेली नाही. तुकड्यावरून खात्रीने नाही सांगता येणार, पण डिप्रेशनच्याच जुन्या गोळीसारखी दिसते. आता फारशी देत नाहीत. घरात कोणी घेत होतं का?"

मी नाही म्हणालो. त्यांनी तो तुकडा ठेवून घेतला, माझा डोस पुन्हा ठरवून दिला आणि मनीषाला तिथूनच फोन करायला लावला.

घरी येऊन मी निफाडला मावशीला फोन केला. "मावशी, आई सुपारी खायची ना गं?"

मावशी म्हणाली, "तुझ्या आईला कुठं धड दात होते रे सुपारी खायला? पाव्हण्यांसाठी फोडायची. सोता गोळी खायची ती, डोक्याची. अडकित्त्यानं तोडायची, बघनाऱ्याला वाटावं सुपारी. तू दहावीला होता तव्हा लोक काय म्हनतील म्हनून एकदम सोडल्या तिनं. लय हाल झाले बाबा. मंग गुपचूप परत चालू केल्या, त्या शेवटपर्यंत. कोनाला सांगू नको म्हनली, म्हनून नाय सांगितलं."

ते वर्ष मला आठवतं. आई भिंतीकडे तोंड करून पडून असायची. मला सांगितलेलं, मणक्याचं दुखणं आहे. नंतर कधीतरी मी तिच्याकडे सुपारी मागितली होती, तर मूठ घट्ट मिटून म्हणाली, "ही तुझी नाही."

हिशोब केला तर शेवटची तीन वर्षं आम्ही मायलेक एकाच घरात होतो. ती सुपारी सांगत होती, मी पित्त. सकाळी एकाच ओट्यापाशी एकमेकांकडे पाठ करून गोळी गिळत होतो.

तुम्ही म्हणाल, औषध एकदम सोडल्यामुळे डोकं ठिकाणावर नव्हतं, भास झाला. मग मॅडमनी हातात काय धरलं होतं? म्हणाल, जुना तुकडा अडकित्त्यात अडकलेला असेल. वर्षभर रोज धुतलेल्या अडकित्त्यात? मी सगळं तपासून पाहिलं, पेशाच तो आहे. काही हाती लागलं नाही.

आता पुन्हा कमी करतोय, आधीपेक्षाही सावकाश. कापतो डायनिंग टेबलवर, सगळ्यांसमोर. पहिल्या दिवशी श्रेया समोर बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, माझं आणि आजीचं. लाजेने वर बघवत नव्हतं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "बाबा, मग तुम्ही दोघांनी एकमेकांना का नाही सांगितलं?"