क्लॅरिनेटला नवं बॅरल

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. कारण हा गाढवपणा माझा एकट्याचा आहे, आणि कोन गावात तो अजून चवीने सांगतात.

मी नवीन पनवेलचा. एरवी बँकेत, आणि लग्नसराईत कोनच्या बाळाराम मास्तरांच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. बारा वर्षं झाली. मास्तरांची मुलगी प्राची माझ्या डोळ्यांसमोर मोठी झाली. यंदा तिचं लग्न ठरलं, तेव्हा ती घरी येऊन म्हणाली, "काका, मी मांडवात येईन ना, तेव्हा अख्खा बँड गप. फक्त तुमची क्लॅरिनेट. माझं लहानपणचं गाणं."

मला भरूनच आलं हो! बारा वर्षांत मला एकट्याला वाजव असं कोणी म्हटलं नव्हतं.

आता शहाण्या माणसाने काय करावं? गाणं घोटावं. मी काय केलं? बेडरूममध्ये बसून मोबाइलवर सूर मोजायचं ॲप घेतलं. त्यात एक काटा असतो, तो मधोमध आला की सूर बरोबर. आमचा काटा डावीकडे! म्हणजे सूर उतरलेला. घाबरून मास्तरांना फोन लावला.

"मास्तर, माझी क्लॅरिनेट उतरलीय."

"कोन बोल्ला?"

"ॲप."

"त्या ॲपला लग्नाचं आवतन दिलंय का आमी? वाजतंय तसं वाजव, सायेब. हात लावू नको."

ऐकतोय कोण?

तुम्हाला सांगतो, क्लॅरिनेटचा तोंडात धरायचा भाग आणि खालची लांब नळी यांच्या मध्ये एक बोटभर तुकडा असतो, त्याला बॅरल म्हणतात. तो आखूड घेतला की सूर चढतो. आणि अगदी खाली कर्ण्यासारखं पसरट तोंड असतं, ती बेल. दोन्ही बदलून मिळतात. हे मला कळलं तिथेच घात झाला.

मुंबईहून एक आखूड बॅरल आणलं. काटा जरा सरकला, पण मध्ये येईना. मग त्याहून आखूड. मग त्याहूनही आखूड. मग कुठेतरी वाचलं की खालच्या सुरांचा दोष बेलमध्ये असतो, म्हणून दोन बेल, त्यातली एक शिसवी. पलंगावर मी दुकानच मांडलं. आणि एकेक जोडी लावून बायकोला ऐकवायला लागलो.

पहिल्या दिवसापासूनच खालच्या मजल्यावरच्या आजोबांची तक्रार, म्हणून खिडक्या बंद. खिडक्या बंद, म्हणून एसी. घामाने बोटं सरकतात, म्हणून एसी अठरावर.

"हे ऐक. आणि आता हे. कुठलं गोल वाटतं?"

"मला थंडी वाजतेय."

"थंडीचं नको सांगूस, सुराचं सांग!"

"सगळे सारखेच. आणि भर मे महिन्यात मी शाल पांघरून नवऱ्याची पिपाणी ऐकतेय, हे माझ्या माहेरी कळता कामा नये."

पिपाणी! क्लॅरिनेटला पिपाणी! मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही.

शेवटी सगळ्यात आखूड बॅरल आणि शिसवी बेल लावली, आणि काटा मधोमध उभा! बॅरल जरासं सैल बसत होतं, म्हणून सांध्याच्या कॉर्कवर दोरा गुंडाळून ते असं ठोकून बसवलं की पुन्हा हलायला नको. जुनं बॅरल कपाटात टाकलं.

लग्नाचा दिवस. भर दुपार, वर पत्रे, मांडवात नुसती भट्टी. प्राची दाराशी आली. सगळ्यांच्या माना वळल्या. कीबोर्डवाल्याने आधारापुरता एक सूर धरला आणि मी फुंकलं.

अरे देवा! तो खाली, मी वर! ओठ ढिले सोडले, तरी वरच. प्राचीचं पाऊल उचललेलं तिथेच राहिलं. पुढच्या रांगेतली एक म्हातारी मोठ्यांदा म्हणाली, "याला काय झालाय? बरा वाजवायचा की!"

मास्तर नवरीचा बाप असल्याचं विसरून धावले. "सायेब, कवरा वर चाललास! खाली ये!"

"येत नाहीये!"

"बॅरल वर खेच जरा!"

"निघत नाहीये!"

ढोलवाल्याने एक टोक धरलं, झांजवाल्याने दुसरं. भर मांडवात ओढाओढ! बॅरल कसलं हलतंय? शेवटी मास्तरांनी सॅक्सोफोनवाल्याला खूण केली आणि प्राची त्याच्या गाण्यावर आत आली. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. खरं सांगतो, तोंड लपवायला जागा मिळेना.

जेवणं झाल्यावर मास्तर शेजारी येऊन बसले.

"कुठं बसून जुलवलास ह्यो सूर?"

"बेडरूममध्ये."

"पंखा?"

"एसी. अठरावर."

मास्तरांनी कपाळाला हात लावला. "अरे, गार झाली का उतरते, तापली का चरते! तुला ठावं नाय?"

ठाऊक नाही कसं? थंडीतल्या लग्नांत वाजवण्याआधी क्लॅरिनेट शर्टात घालून गरम करायला सगळ्या पोरांना मीच शिकवलंय!

संध्याकाळी पाठवणी. गाडीभोवती आमच्याच बँडचा ढोल दणदणत होता. प्राची रडून रडून गाडीत बसली आणि मला बघून म्हणाली, "काका, माझं गाणं राह्यलं."

मी क्लॅरिनेट मागे लपवली. पण मास्तरांनी ड्रायव्हरशेजारचं दार उघडलं. "बस आत. एसी फुल कर रे! काचा वर!"

दहा मिनिटं तसाच कुडकुडत बसलो. मग वाजवलं. आणि काय सांगू, एकेक सूर जागच्या जागी! मागे प्राची रडता रडता हसायला लागली, जावईबापू मान डोलवायला लागले. मला वाटलं, बाहेरच्या वऱ्हाडालाही ऐकू दे की! दुपारची अब्रू थोडी तरी भरून निघेल. म्हणून काच खाली करायला बटण दाबलं.

बोटभर फट पडली असेल, तेवढ्यात मास्तर धावत आले आणि फटीला तोंड लावून ओरडले, "काच नको उघरू, सायेब! या ढोलात कुनाला काय ऐकू येत नाय. सगली बोलतायत, आता कसा बेस वाजवतोय!"