पित्ताशयाचे खडे आणि माझा उजवा हात

मला पित्ताशयात खडे झाले ते आमच्या हॉलमध्ये, शनिवारी दुपारी, चहाला उकळी येईपर्यंत. सकाळी मला उजव्या स्तनाचा कॅन्सर होता. रिपोर्टवर तसं स्वच्छ छापलेलं होतं, डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं आणि ऑपरेशनचा दिवसही ठरवून दिला होता. पण माझ्या मोठ्या जाऊबाईंनी तो रिपोर्ट चार घड्या करून स्वतःच्या पर्समध्ये टाकला आणि म्हणाल्या, "बाहेर कुणी विचारलं तर पित्ताशयाचे खडे. कळलं का सगळ्यांना?"

कारण काय, तर माझ्या मुलीची नुकतीच सुपारी फुटलेली. मुलाकडचे नामपूरचे, कांद्याचे व्यापारी, मोठा कारभार. "आईला कॅन्सर म्हटल्यावर उद्या पोरीकडे बोट दाखवतील," जाऊबाई म्हणाल्या. माझे मिस्टर सातपूरला कारखान्यात आहेत. तिथे मशीनचा साधा बेल्ट तुटला तरी नाव-गाव लिहून रिपोर्ट करतात. घरी मात्र त्यांनी मान हलवली आणि "बघू" म्हणाले. हा माणूस लग्न झाल्यापासून बघतोच आहे. मुलगी तेवढी चिडली. तिला सगळ्यांनी मिळून गप्प बसवलं, आणि खरं सांगते, त्यात मीही होते.

झालं, दुसऱ्या दिवसापासून माणसांची रीघ लागली. गंगापूर रोडवर आमच्या सोसायटीत कुणाला खडे झाले म्हटल्यावर प्रत्येक घरातून एकेक वैद्य बाहेर पडला. कुणी कुळथाचं पाणी सांगितलं, कुणी लिंबाच्या रसात तेल. हा उपाय मूतखड्याचा, तो पित्ताचा, असला बारीक फरक करायला वेळ कुणाला होता? समोरच्या बिल्डिंगमधले काका तर स्वतःचे खडे औषधाच्या बाटलीत घालून घेऊन आले. बाटली माझ्या कानाशी नेऊन हलवून दाखवली. "बघा, दोन दिवसांत घरी! काही विशेष नसतं हो." मी म्हटलं, "छान आहेत." दुसरं काय म्हणणार?

मला विचारायचं होतं ते वेगळंच. मी ब्लाउज शिवते. वीस वर्षं झाली, घरातल्याच एका खोलीत मशीन आहे. कापते मीच, उजव्या हातानं, त्या जड कात्रीनं. डॉक्टर म्हणाले, काखेतल्या गाठीही काढाव्या लागतील. मी विचारलं, "हाताला काही होईल का?" ते म्हणाले, "व्यायाम केलात तर घरातली कामं आरामात कराल, ताई." अरे, पोळ्या लाटायचं कोण विचारतंय! अस्तराचं कापड चार पदरी घातलं तर कात्री चालेल का ते सांगा. पण बाहेर बाकं भरलेली होती आणि त्यांची नजर माझ्या मागच्या दाराकडे गेली होती. मी उठले.

मरणाची भीती वाटत होतीच, खोटं कशाला बोलू. पण मरण जरा लांबचं वाटायचं. हात रोज डोळ्यांसमोर होता. रात्री तो उशाशी घेऊन मी त्याच्याकडे बघत पडायचे. ज्या बाईचं हे झालंय अशी एक बाई मला हवी होती, फक्त विचारायला. आणि ती येणार कुठून? आमच्याकडे तर खडेवाले येत होते!

तेव्हा मला म्हैस आठवली. म्हणजे म्हशीनं मारलेली मावशी. कोपऱ्यावर भाजी घेऊन बसते, धरणाकडच्या खेड्यातली, स्वतःच्या मळ्यातली मेथी-कोथिंबीर. चार वर्षांपूर्वी ब्लाउज शिवायला आली तेव्हा म्हणाली, "या अंगाला आतून कापूस घाल, ताई. म्हशीनं मारलं, तवापासून बसलंय." मी टेप लावला. एक बाजू पार सपाट. म्हैस अशी मापात मारत नाही. पण आमच्या धंद्यात डोळे असतात, तोंड नसतं. मी "अगं बाई, म्हशी फारच माजल्यात" म्हटलं आणि कापूस घातला. तो वर सरकायचा, म्हणून पुढच्या खेपेला मोहरीची पुरचुंडी शिवून दिली. त्यावरही आम्ही दोघींनी काही बोलायचं नाही असंच ठरल्यासारखं होतं.

दुपारी गिऱ्हाईक नसताना मी तिच्यासमोर जाऊन उकिडवी बसले. "मावशी, तुम्हाला त्या म्हशीनं मारलं होतं, त्यानंतर हात किती दिवसांनी वर गेला?"

ती जुड्यांवर पाणी शिंपडायची थांबली. "का गं?"

"मलाही मारलंय."

"तुज्याकडं कुठली म्हैस? तिसऱ्या मजल्यावर?"

मला हसू आलं आणि हसता हसताच रडू फुटलं, भर फुटपाथवर, कोबीच्या ढिगाशेजारी. "म्हैस नाही हो, कॅन्सर आहे. उजवीकडे. शुक्रवारी काढणार." घराबाहेर तो शब्द मी पहिल्यांदा उच्चारला. आकाश कोसळलं नाही. एक रिक्षा तेवढी हॉर्न वाजवत गेली.

"माजी बी म्हैस नव्हती," ती म्हणाली.

"मला माहीत होतं."

"तुला म्हाईत हाय, ते मला बी म्हाईत व्हतं." तिनं पदरानं आधी माझं नाक पुसलं आणि मग स्वतःचं. चार वर्षं आम्ही दोघी एकमेकींसमोर ती म्हैस पाळत होतो. चारापाणी घालत होतो म्हणा ना.

मग तिनं जे सांगितलं ते ना डॉक्टरांनी सांगितलं होतं, ना बाटलीवाल्या काकांनी. "पयले काही दिस हात लाकडावानी. मग भिंतीला उभं ऱ्हायाचं, बोटं वर चालवायची. लय दुखतं. रडायचं आन् चालवायची. काखेतून नळी काढत्यात, तिला खाली डबी असती. ती धरून धरून मी येडी झाले. तू शिवनारी बाई, पिशवी शिवून घे गळ्यात घालायला. गाऊन म्होरून उघडा घे, बाह्या ढगळ." आणि मी विचारलंच, "आता पूर्ण वर जातो?" तर म्हणाली, "घरी येते, दाखवते. हितं काय पदर सोडू?"

गुरुवारी आली ती नेमकी हॉल भरलेला असताना. नामपूरहून मुलाची आई आली होती, उंच, धिप्पाड, कडक इस्त्रीची बाई. जाऊबाई तिला पोहे वाढत खड्यांचा आकार सांगत होत्या. मावशी कुणाकडे न बघता सरळ आत, मशीनच्या खोलीत आली. "कडी लाव," म्हणाली. तिनं हुक काढले. इतकी वर्षं मी तिचं माप घेत होते, पण बघितलं आज. सपाट छाती आणि काखेपर्यंत गेलेला तिरपा व्रण, मध्येच जरा गोळा झालेला. शिवण काही फार सफाईची नव्हती, मी असते तर उसवून परत घातली असती.

"एवढंच?" मी म्हटलं.

"येवढंच. आन् हे बघ." तिनं दोन्ही हात वर केले. त्या अंगाचा जरा कमी गेला, पण डोक्याच्या वर गेला. "मेथीची पाटी घेते. कात्री काय, चालंल तुजी. येळ लागंल. भाव करू नको देवाशी." मी तिच्या खांद्यावर डोकं टेकून मनसोक्त रडले.

बाहेर आलो तर जाऊबाई कपाळाला आठ्या घालून, "कोण गं ही?"

मला एवढा राग आला! मावशीसारख्याच कितीतरी जणी शहरात म्हशी घेऊन बसल्या असतील आणि आम्ही खडे वाजवतोय. मी मुलीकडे बघितलं. तिनं 'सांग' अशी मान हलवली. मग मी मुलाच्या आईसमोर उभी राहिले. "ताई, मला खडेबिडे काही नाहीत. स्तनाचा कॅन्सर आहे. उद्या ऑपरेशन. तुम्हाला सोयरीक मोडायची असेल तर आजच सांगा, मी उद्या शुद्धीवर नसेन."

जाऊबाईंच्या हातातला झारा तसाच राहिला. मिस्टर चक्क उठून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, "बघू" न म्हणता.

मुलाच्या आईनं बशी खाली ठेवली. म्हणाली, "माझ्या धाकट्या बहिणीला आम्ही कावीळ सांगितली होती. तिनं वर्षभर कुणाला दाखवलं नाही, आम्ही कुणाला कळू दिलं नाही. दहाव्याला आलेली माणसंसुद्धा काविळीचंच बोलत होती. मी पण." मग मुलीला म्हणाली, "उद्या किती वाजता न्यायचंय? मी थांबते."

ती थांबली. ऑपरेशन झालं, पुढचे डोस सुरू झाले. नळीची पिशवी मी फुलाफुलांच्या कापडाची शिवली होती, नर्सबाई बघून गेल्या. भिंतीवर बोटं चालवते, रडते, चालवते.

परवा मुलाची आई लग्नातला ब्लाउज शिवायला टाकायला आली. आमच्यात मुलीच्या आईनं वरमाईचे पाय धुवायचे असतात, वाकून. मी टेप घेऊन तिच्यामागे उभी राहिले, खांद्याचं माप घ्यायला. हात छातीपर्यंत गेला आणि अडला. मी दात खाऊन रेटला. नाही. "मुलीला बोलावते," मी म्हटलं.

"कशाला?" ती म्हणाली आणि माझ्यासमोर गुडघ्यात वाकली. "पोचतो का आता?"

"अजून थोडं."

ती अजून वाकली.