कुपवाडच्या शेडमधला ऑस्ट्रेलियन मेंढा

हे लिहायला मी उगाच लांबवत बसलो. फोटो होते, शीर्षक सुचलं होतं, पण दोन ओळी झाल्या की गाडीला किक मारून कुठंतरी निघून जायचो. आज आटपाडीजवळ आक्काच्या घरी आहे, गाडी पंक्चर आहे, म्हणून लिहितोय.

खरं तर माझ्या भाचीला, मंजूला, मेढा गावाला जायचं होतं. दसऱ्यानंतर दाजींनी तिचा मेंढा बाजारात विकला. भोऱ्या. तिनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेला. तिच्या भावाचं, बिरूचं, कोकरू लहान म्हणून राहिलं. मंजूचं रडणं थांबेना, तेव्हा दाजी म्हणाले, मेढ्याकडच्या कळपात दिलाय, तिकडं डोंगर हिरवा असतो. तेव्हापासून वाटेत कळप दिसला की ती विचारायची, मेढ्याचा हाय काय?

मेढा लांब पडतं, त्यापेक्षा सांगलीला प्रदर्शनात मासे बघू, असं मी म्हटलं. बिरू लगेच तयार. मंजू आली, कारण वाटेत कळप लागतात.

सकाळची एसटी विटा, तासगाव करत जाते. डावीकडची खिडकी घेऊ नका, विट्यापुढं ऊन तोंडावर येतं. तासगावात मी पोरांना घेऊन द्राक्षांसाठी उतरलो आणि गप्पांत बस गेली. पुढची येईपर्यंत बिरूनं पिशवी रिकामी केली.

सांगली स्टँडवरून कुपवाडला रिक्षा. शिफ्ट सुटायची वेळ टाळा, नुसत्या टू-व्हीलरी. जुन्या कारखान्याची शेड आहे, आत निळे दिवे लावलेत, पण ऑइलचा वास गेलेला नाही. तिकीट माणशी दोनशे, पोरांनाही पूर्ण. काचेच्या बोगद्यात डोक्यावरून मासे जातात. बिरू तिथंच आडवा पडून बघत राहिला. शार्क म्हणून दाखवतात तो माझ्या चपलेएवढा. एक मोठा मासा एकाच कोपऱ्यात तोंड घासत होता. पुढं साप, इग्वाना सरडे, मकाव पोपट. सगळे पेंगुळलेले.

शेवटी हात लावायचे प्राणी. त्यात एक पांढराशुभ्र मेंढा, गळ्यात लाल रिबिन, अंगाला शाम्पूचा वास. बोर्डावर ‘ऑस्ट्रेलियन मेंढा’. चारा भरवायचे पन्नास वेगळे. त्याचं पोपटासारखं बाकदार नाक आमच्याकडच्या मेंढ्यांचंच, पण मी मकावचे फोटो काढत होतो, लक्षात आलं नाही.

मंजूनं जीभ टाळूला लावून आवाज काढला, कळप माघारी बोलवताना दाजी काढतात तसा. मेंढ्यानं मान वर केली, लोकांना ढकलत आला आणि तिच्या पोटात डोकं खुपसून उभा राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो खेळच वाटला.

“ह्यो आमचा भोऱ्या हाय,” मंजू म्हणाली.

शेजारी उभा असलेला शेडचा मॅनेजर हसला. “बाळा, हा विमानानं आलाय.”

“डाव्या कानाला खाच बघा. बाबानं पाडलीया.”

त्यानं कान बघितला. मग मला बाजूला नेऊन कुठल्या गावचे विचारलं. मी दाजींचं नाव-गाव सांगितलं आणि मेंढा परत द्याल का, असं विचारलं. तो म्हणाला, याच्यासाठीच तर पोरं येतात. उलट आत्ता पुढची बॅच येईल, पोरीला परत एकदा हाक मारू दे, मग बोगदा पुन्हा फुकट बघा. बिरू उड्या मारायला लागला. मी मंजूकडं बघितलं.

“न्यायचं न्हाई तर हाक कशाला मारायची?”

ती बाहेर गेली. भोऱ्या कुंपणापर्यंत मागं आला.

सांगलीचं भडंग घेतलं, लय भारी होतं, तिनं खाल्लं नाही. विट्याच्या अलीकडं कळप आडवा आला, बस थांबली. मंजूनं बाहेर बघितलं नाही. घरी तिनं मेढ्याचं नावच काढलं नाही. मासे चांगले होते, म्हणाली. दाजींना मीच सगळं सांगितलं. ते म्हणाले,

“सुरीखाली गेला आसंल, आसं पोरीला कसं सांगायचं रं? मला तर तसंच वाटलं हुतं.”

तुम्ही जरूर जा, बोगदा बरा आहे. माझ्या डोक्यात त्या टाळ्या बसल्यात.

एवढं लिहिलं आणि अंगणात टेम्पो थांबला. शेडचा मॅनेजर उतरलाय. मेंढा त्या दिवसापासून चारा खात नाही, माघारी आणलाय, बदलून दुसरा द्या म्हणतोय. दाजी बिरूच्या कोकराकडं बघतायत. मंजू टेम्पोच्या मागं जाऊन उभी राहिलीय. आत्ताच तिनं हाक मारली.