टाकी नसलेली पहिली सभासद

कुशाबा परब मिलमध्ये अकरा वर्षं बदली कामगार होते. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कोणी गैरहजर असेल तरच आत काम. कायम व्हायची वाट बघता बघता संप आला आणि मिलच गेली. आता सत्तरी ओलांडल्यावर या माणसाने करी रोडच्या आमच्या चाळीची गच्ची हिरवीगार केलीय! खाली टाकीत मासे आणि वर त्याच पाण्यावर, मातीशिवाय, पालक नि माठ. आधी आम्ही हसलो, मीसुद्धा. मग बघता बघता आसपासच्या चौदा गच्च्यांवर टाक्या चढल्या!

एकच गोची होती. गणपतीला सगळे कोकणात पळतात, मग माशांना खायला कोण घालणार? गेल्या वर्षी शिवडीच्या सोनूबाई कोळणीने रोज चौदा जिने चढून सगळ्यांचे मासे जगवले.

काल आमची संघटना स्थापन झाली. काय जोश होता! नाव ठरलं, टाळ्या पडल्या. मग सेक्रेटरीने नियम वाचला, "ज्याची टाकी, तोच सभासद."

सोनूबाई गुपचूप उठल्या. "माझी कुठं टाकी? मी आपली बदलीवाली."

कुशाबा ताडकन उभे राहिले. "बसा खाली, बाई! आणि तू रे, फाड तो नियम! मासे यांनी जगवले आणि सभासद आपण?"

त्यांनी रजिस्टर स्वतःकडे ओढलं. पहिल्या ओळीत सोनूबाईंचं नाव लिहिलं आणि त्यापुढे ठळक अक्षरांत लिहिलं, 'कायम'.