मामाने मला पुन्हा विचारलं

मामीचा फोन आला, "मामा गेला रे." माझ्या तोंडून पहिलं काय निघावं? "गोळ्या घेत होता ना?" मामी म्हणाली, "मेल्या, आज सकाळचीपण घेतलेली. हार्ट बंद पडलं त्याचं." आणि रडायच्या आधी मला हायसं वाटलं... सांगायला लाज वाटते, पण वाटलं. चारचौघं जातात तसा गेला माझा मामा.

कणकवलीला शाळा संपवून मी चिंचपोकळीला त्यांच्या खोलीत राहायला आलो. मामा पुस्तकं बांधायचा, बोलणं मोजकं. मी नकलाकार, अख्खी चाळ माझ्या घशात. मामाला स्किझोफ्रेनिया होता. मी येण्याच्या खूप आधी त्याने आंघोळ सोडलेली, काम सोडलेलं. शेजारी पाण्यात काहीतरी घालतात म्हणायचा, रिकाम्या खोलीत कुणालातरी उत्तरं द्यायचा. घरच्यांनी आधी गावी देवाला गाऱ्हाणं घातलं, मग अंगारे, डॉक्टर सगळ्यात शेवटी. गोळ्यांनी संशय गेला, तो कामाला लागला, पण आवाज अधूनमधून यायचेच. म्हणून डॉक्टरबाईंनी सवय लावलेली, शंका आली की घरच्या माणसाला विचारायचं, तुलाही ऐकू आलं का. "तुका आयकाक इला?" आम्ही खरं तेच सांगायचं. नाही म्हटलं की तो ओळखायचा, हा आपल्या डोक्यातला.

आणि मी दीडशहाणा! एका रविवारी दाराआडून शेजारच्या गुरवकाकांच्या आवाजात मामाला हाक मारली, "नाईकानुं, चाय थंड झाली!" गुरवकाका तेव्हा गावी गेलेले, हे मामाला ठाऊक. मी आत आलो तर त्याने विचारलं, "तुका आयकाक इला?" मी सरळ चेहऱ्याने म्हटलं, "काय? नाय बा." वाटलं, आता हसेल, पाठीत धपाटा घालेल. सोमवारी सकाळी शर्ट घालून म्हणाला, "चल, डॉक्टरकडे." तेव्हाही माझी जीभ उचलली नाही.

डॉक्टरबाई डोस वाढवायला निघाल्या. डोस वाढला की मामाचे हात थरथरायचे, सुईत दोरा जायचा नाही, म्हणजे काम बंद. "थांबा, तो आवाज मी काढलेला," मी म्हटलं. बाई म्हणाल्या, "काढून दाखव." काढला. आयुष्यातला सगळ्यात वाईट परफॉर्मन्स. मामाने डोळे मिटले. "म्हणजे माझा कान बरोबर होता..." एवढंच म्हणाला. बाईंनी पेन ठेवलं आणि माझी बिनपाण्याने केली.

त्यानंतर दोन महिने तो मामीलाच विचारायचा. मामी बाजारात गेली असली तर ती येईपर्यंत वाट बघायचा, मी समोर असून. त्या दोन महिन्यांत मी नकला विसरलो. शिवी दिली असती तर बरं झालं असतं...

मग एका दुपारी मामी लालबागला मसाला कुटून आणायला गेलेली. मामा पुस्तकाच्या कागदाला खळ लावता लावता थांबला. माझ्याकडे बघितलं, पुन्हा खाली बघितलं. मग विचारलंच, "तुका आयकाक इला?"

मी पंखा बंद केला. कान देऊन ऐकलं. "नाही मामा. काहीच नाही."

"शप्पथ?"

"तुझी शप्पथ."

"बरा," तो म्हणाला, आणि कागदाची घडी बोटाने दाबली. "तारखेक डॉक्टरांका सांगूया. तोवर तो आवाज बडबडता तर बडबडांदे. तू चाय टाक."