एकेकटे पास झालेले मासे

आम्ही नवरा-बायको जबलपूरच्या एकाच सरकारी कारखान्यात होतो. मी असेंब्लीत, ती इन्स्पेक्शनमध्ये. मी सुटे भाग जोडायचो, आणि ते भाग माझ्याकडे येण्याआधी ती गेज लावून त्यांचं माप तपासायची. तिने पास केलेले दोन भाग माझ्या हातात येऊन एकमेकांत अडकले, की माझं डोकं फिरायचं. ते फिरलेलं डोकं घेऊन मी घरी यायचो.

"तुझे दोन्ही पास, मग एकात एक जात काहून नाही?"

"माझ्या गेजमध्ये दोन्ही बसले," पोळी लाटता लाटता ती म्हणायची. "पुढचं तुमचं खातं आहे."

हे भांडण आम्ही सगळी नोकरी पुरवून पुरवून भांडलो. आज सांगायला हरकत नाही, तिच्यासारखी नजर मी कारखान्यात दुसरी पाहिली नाही. केसाएवढा चरा असला तरी तिचं बोट बरोबर त्यावर जाऊन थांबायचं. साहेब लोक मालावर तिचा शिक्का पाहिला की दुसऱ्यांदा पाहायचे नाहीत. तोंडावर मात्र मी तिला हे कधी बोललो नाही. असेंब्लीवाल्याने इन्स्पेक्शनवाल्याची तारीफ करायची? छे!

मी रिटायर झालो तेव्हा मला काहीच झालं नाही. मस्त झोपलो, गप्पा मारत हिंडलो. ती रिटायर झाली आणि घरात सन्नाटा पसरला. सकाळी कारखान्याचा भोंगा वाजला की ही वेणी घालून खुर्चीवर बसून राहायची. मुलगा बेंगळुरूला, मुलगी पुण्याला. मी म्हणायचो, चल, भेडाघाटला जाऊन येऊ, तर म्हणायची, किती वेळा तेच पाहायचं? सहा महिने हे असं चाललं, आणि मला खरंच भीती वाटायला लागली.

मग आम्ही मुलाकडे गेलो. तिथे एका दातांच्या दवाखान्यात खाऱ्या पाण्याची मोठी टाकी होती. आत प्रवाळ, दगड आणि रंगीबेरंगी मासे. माझी दाढ काढून झाली तरी ही तिथून उठेना. तुरा खालीवर करणाऱ्या दोन माशांकडे बोट दाखवून म्हणाली, "पाहा ना, किती बारीक काम आहे!" सहा महिन्यांत तिचा आवाज पहिल्यांदा असा चढलेला मी ऐकला. म्हणून जबलपूरला परतल्यावर तिने सहा फुटी टाकी मागवली, तेव्हा मी कुरकुर केली, पण अडवलं नाही.

कुरकुर मात्र पोटभर केली, खोटं काहून बोलू! बैठकीतला दिवाण गेला. त्या जागी टाकी, खाली पंप, बाजूला मिठाची पोती. हे मीठ स्वयंपाकातलं नव्हे, समुद्राचं पाणी बनवण्याचं. आरओच्या पाण्यात ते मोजून विरघळवायचं, मग एका नळकांड्यात थेंब टाकून उजेडाकडे धरून खारटपणा वाचायचा. ती ते असं वाचायची की जणू पुन्हा ड्युटीवर रुजू झाली. पाहुणे यायचे आणि विचारायचे, "ये ग्वारीघाट के हैं क्या?" ती न चिडता सांगायची की हे ग्वारीघाटच्या नर्मदेत एक तासही जगणार नाहीत. मी तिच्या जागी असतो तर हाकलून दिलं असतं.

पहिला मासा तिने सदर बाजारातल्या दुकानातून आणला. काळाकुट्ट, अंगावर तीन पांढरे ठिपके. दुकानदार म्हणाला, "दीदी, ये नहीं मरने वाला. बाकी सब मर जाएँगे, ये नहीं मरेगा." हे ऐकून तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं. पण आम्ही दोघंही खुश झालो.

तिची मासा निवडायची रीत पाहण्यासारखी होती. दुकानातल्या टाकीसमोर स्टूल ओढून बसायची. कल्ले एका मिनिटात किती वेळा उघडतात ते घड्याळ लावून मोजायची. डोळा ढगाळ आहे का, पंख फाटलाय का, पोट खपाटीला गेलंय का, सगळं पाहायची. मग दुकानदाराला म्हणायची, "खिलाके दिखाओ." मासा खाताना दिसला नाही तर ती विकत घ्यायची नाही. दुकानदाराच्या नाकात दम आणला होता तिने. तिने पास केलेला मासा रोगाने मेला, असं एकदाही झालं नाही.

आणि तरीही मासे मेले.

तिला हवे होते ते दातांच्या दवाखान्यातले, फायरफिश. पुढून दुधाळ, शेपटीकडे लालभडक, पाठीवर लांब तुरा. थर्माकोलच्या डब्यात बसून बाहेरगावाहून त्यांची जोडी आली. तिने तासभर तपासली आणि सोडली. तिसऱ्या दिवशी एक टाकीमागे फरशीवर वाळून पडलेला सापडला, उडी मारून बाहेर आलेला. दुसऱ्याची शेपटी कुरतडलेली होती, तो संध्याकाळी गेला. ती म्हणाली, माझ्या तपासणीत काही राहिलं. दुसरी जोडी तिने आणखी कडक निवडली, चार परत पाठवून दोन घेतले. तेही आठवडाभरात गेले.

त्या पौर्णिमेला आम्ही विहारात गेलो. पंचशील म्हणताना मी तिच्या शेजारीच बसलो होतो. पहिलंच शील जीवहिंसा न करण्याचं. तिथे तिचे ओठ मिटले, आणि पुढची चारही शीलं तिने म्हटली नाहीत. घरी येताना रिक्षात म्हणाली, "आता शेवटची जोडी. या वेळी एक जरी मेला, तरी टाकी बंद. मी शौक करून राहिली की कत्तलखाना चालवून राहिली?"

दिवाण परत येणार म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मला ती वेणी घालून खुर्चीवर बसलेली दिसली.

पण मी घाबरलो की माझं तोंड तापतं, हा माझा जुना रोग. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा वही काढून नवी जोडी कशी निवडायची ते लिहीत बसली. कल्ले, डोळे, पंख, पुन्हा तेच. मी भडकलो. म्हणालो, "अगं बाई, काय लावलंय हे! तीस वर्षं हेच केलं तुम्ही इन्स्पेक्शनवाल्यांनी. एकेक तुकडा उचलायचा, मोजायचा, पास. शेजारी कोण बसणार आहे ते पाहायचंच नाही! मासा चांगलाच आहे गं, सगळेच चांगले आहेत! एकत्र अडकून राहिले ते!"

मी टोमणा मारला होता. आता ती म्हणेल, पुढचं तुमचं खातं, अशी मी वाट पाहत होतो. तिने पेन खाली ठेवलं आणि टाकीकडे पाहिलं. तो पहिला काळा मासा टाकीच्या मधोमध आपल्या कपारीसमोर पहारा देत होता.

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली.

उभ्या आयुष्यात हे वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. स्वतःची चूक इतक्या सरळ मान्य करायला केवढी छाती लागते! मला ते कधी जमलं नाही.

त्यानंतर तिने वहीतली जुनी पानं सोडून नवा तक्ता आखला. कोण वाळूपाशी राहतो, कोण मध्ये पोहतो, कोणाला कपार लागते, कोण कोणाचा घास पळवतो, कोणाचा स्वभाव कसा. फोन करकरून माहीत असलेल्या लोकांना विचारलं. मुलाकडून इंटरनेटवरचं वाचून घेतलं. निष्कर्ष साधा होता. गरीब स्वभावाचा मासा आधी सोडायचा, दांडगा सगळ्यात शेवटी. आम्ही उलटं केलं होतं. काळ्याला पहिल्या दिवशी सहा फुटांची अख्खी टाकी दिली होती, आणि आता कोणीही आलं की त्याच्या लेखी तो चोर होता.

"मग त्या बदमाशाला देऊन टाक ना दुकानात," मी म्हणालो.

"नाही. त्याला मी पास केलंय." तिचा आवाज शिक्का मारतानाचा होता. "त्याचा दोष नाही. चूक माझी झाली, आणि त्याला काहून हाकलू? दुकानात वाटीएवढ्या डब्यात टाकतील त्याला."

"मग काय करणार?"

"घर बदलायचं. दगड सगळे काढायचे आणि नव्याने रचायचे. म्हणजे त्याची जागाच राहणार नाही. सगळेच नवीन." मग टाकीकडेच पाहत म्हणाली, "रचायचं काम तुमचं. ते मला येत नाही."

एका रविवारी आम्ही ते केलं. दोन मोठ्या टपांत खारं पाणी भरलं. तिने एकेक दगड प्रवाळासकट असा उचलला की तान्हं मूल उचलावं. काळा चाळणीत सापडला, आणि सापडल्यावर माझ्या बोटाला चावला. पोह्यांच्या पारदर्शक डब्याला मी भोकं पाडून ठेवली होती. तो डबा टाकीत टांगला आणि काळ्याला त्यात ठेवलं. मग मी बाह्या सरसावल्या. एकाऐवजी दोन ढिगारे रचले, मध्ये गल्ली ठेवली, म्हणजे इकडचा तिकडच्याला सारखा दिसणार नाही. खाली बारीक बिळं ठेवली. काळ्याची जुनी कपार उलटी करून वाळूत गाडली. ती एकेक दगड माझ्या हातात देत होती. शेवटी टाकीवर जाळी बसवली, उडी मारली तरी बाहेर पडायला नको म्हणून.

नवी जोडी आली. आठ दिवस ते दोघे मोकळे, आणि काळा डब्यात बसून त्यांच्याकडे पाहतोय. आधी डब्याच्या भिंतीवर धडका मारायचा. मग कमी झालं. नवव्या दिवशी सकाळी तिने डबा तिरका केला आणि तोंड फिरवून उभी राहिली.

"मी पाहत नाही. तुम्ही सांगा."

काळा बाहेर आला आणि सरळ मधोमध गेला. तिथे कपार नव्हती. तो फिरला, परत आला, पुन्हा फिरला. फायरफिश बिळात शिरले. काळा त्यांच्यामागे गेला नाही. तो मागच्या कोपऱ्यात जाऊन काचेला टेकला आणि तिथेच राहिला.

"कोणाला मारलं नाही," मी म्हणालो. तेव्हा तिने वळून पाहिलं.

पण त्या दिवशी त्याने खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी त्याचे ठिपके मळकट दिसायला लागले. ती कल्ले मोजायची आणि वहीत आकडा लिहायची, आकडा रोज वाढत होता. फायरफिश मजेत होते. आता मरणार होता तो काळा. एक जरी मेला तर टाकी बंद, असं ती बोलली होती, आणि बोलून फिरणारी ती बाई नव्हे. ज्याला मी बदमाश म्हटलं होतं, त्याच्यासाठी मी मनात म्हणत होतो, खा रे बापा, एक घास खा.

चौथ्या दिवशी सकाळी तिने बर्फातले झिंगे वाटीत मोकळे व्हायला ठेवले. आधी फायरफिशना दिले. मग स्टुलावर चढून तिने एक झिंगा दोन बोटांत धरला, कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि त्या मागच्या कोपऱ्यात नेऊन धरला. एक मिनिट गेलं, पाच गेली. मी म्हणालो, "सोड आता, खांदा दुखेल." तिने ऐकलं नाही. काळा हळूच वळला. झिंग्याकडे पाहिलं, मागे सरला, पुन्हा आला, आणि तिच्या बोटांतून घास घेतला. वितीएवढ्या अंतरावर एक फायरफिश होता. त्याने तुरा उभारला, पण पळाला नाही.

ती स्टुलावरून उतरली आणि हुंदके देऊन रडायला लागली. मी म्हणालो, "अगं, खाल्लं ना त्याने, आता रडून काय राहिली?"

तिने पदराने हात पुसला, डोळे पुसले, चष्मा लावला. मग काचेला नाक लावून बराच वेळ पाहिलं आणि काचेवर बोट ठेवलं.

"हा डावीकडचा दगड डुगडुगून राहिला. कसा बसवला तुम्ही? पुढची जोडी आणायच्या आधी नीट करून द्या."

मी "हो" म्हणालो, आणि बाही वर करून लगेच पाण्यात हात घातला.