उलटवलेल्या स्लाइड्स

आमच्या सरांनी आयुष्यात एकाही माणसाकडे नुसतं माणूस म्हणून पाहिलं असेल, असं मला वाटत नाही. रायपूरच्या पुरानी बस्तीत कुणाचं लग्न असलं, की हे आहेर देण्याआधी नवरदेवाची खालची पापणी ओढून अंगात रक्त किती ते बघायचे. शेजारच्या काकूंचं नाव त्यांच्या कधी लक्षात राहिलं नाही, गळ्यावरची गाठ मात्र राहिली; "त्या गॉयटरवाल्या बाईनं डबा पाठवला होता," असं खुद्द तिच्या नवऱ्यालाच सांगायचे. पॅथॉलॉजी शिकवायचे ती थेट स्वयंपाकघरातून. टीबीची गाठ म्हणजे पनीर, बिघडलेली प्लीहा म्हणजे भिजवलेला साबुदाणा. त्यामुळे उपासाच्या दिवशी हॉस्टेलची निम्मी पोरं उपाशीच राहायची.

मी त्यांच्या विभागात टेक्निशियन. नव्या रायपूरच्या आमच्या कॉलेजात स्कॅनर आला, तेव्हा सगळ्यांना वाटलं, म्हातारा आता कटकट करणार. काचेची स्लाइड त्यात घातली की ती भिंतीवरच्या पडद्यावर, मेडिकलची अन् डेंटलची पोरं एकाच हॉलमध्ये बसून बघणार. सर तर हरखूनच गेले. का, ते फक्त मला ठाऊक होतं. दोन्ही डोळ्यांची मधली नजर जात चालली होती. मायक्रोस्कोपला डोळा लावला की मधोमध नुसता राखाडी डाग. पडद्यासमोर मान तिरकी करून उभं राहिलं, तर कडेकडेने काहीबाही दिसायचं. पेशंटांचे रिपोर्ट त्यांनी आपणहून सोडून दिले होते. शिकवणं तेवढं घट्ट धरून ठेवलं होतं. "मले घरी बसवलं तं मी काय करू वं? कोणाले सांगू नको," म्हणाले. मी नाही सांगितलं. चांगलं केलं की वाईट, मला अजून कळत नाही.

तिकडे पोरांनी भलताच शोध लावला. काचेच्या स्लाइड्सच्या पेटीत एकाच आजाराचे दहा तुकडे दहा तऱ्हांचे असायचे. स्कॅन केलेला मात्र सगळ्यांना एकच. मग पेशी कशाला बघायच्या? तुकड्याचा आकार पाठ केला की झालं. बुटासारखा तो लिव्हर, फाटक्या पतंगासारखं ते फुप्फुस. एका पोराने तोंडी परीक्षेत जिभेच्या कॅन्सरला "सर, वो कद्दूवाला" म्हटलं, तेव्हा सरांना हे कळलं. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. संध्याकाळी मला म्हणाले, "परीक्षेसाठी साऱ्या स्लाइडा फिरवून टाक. उलट्या कर, कडा काप. पाहू कसे ओळखतात."

"सर, राहू द्या ना," मी म्हटलं.

"काहून?"

आता काय सांगू, कपाळ माझं? सरही कधीपासून आकारावरच निभावून नेत होते, आणि मी ते रोज बघत होते. तोंडावर सांगायला माझी जीभ रेटली नाही. मुकाट्याने सगळ्या स्लाइड्स फिरवल्या.

परीक्षा झाली आणि सर उत्तरं सांगायला उभे राहिले. पहिल्या तीन कशाबशा निभावल्या. चौथी आली. त्यांनी मान तिरकी केली. "ये थायरॉइड है. गोल गोल थैली, अंदर गुलाबी रस." सगळ्या हॉलने माना डोलावल्या, ज्यांनी दुसरं काही लिहिलं होतं, ते खोडू लागले.

अभनपूरहून येणारी डेंटलची एक पोट्टी उभी राहिली. "सर, ये किडनी है. नीचे कोने में एक ग्लोमेरुलस है."

बरोबर होतं तिचं. किडनीला जुनाट सूज आली की तिच्या नळ्या गुलाबी होऊन हुबेहूब थायरॉइडसारख्या दिसतात. कुठेतरी ग्लोमेरुलस म्हणजे केशवाहिन्यांचा गुंता सापडला, तरच ती किडनी. दरवर्षी याच स्लाइडवर सर अख्ख्या बॅचला पकडायचे. ते पडद्याजवळ गेले, नाक टेकेल इतके जवळ. "कहाँ?" पोरीने येऊन बोट ठेवलं. सर त्या बोटाकडे कितीतरी वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "हव. किडनी लिखो सब."

पोरांना वाटलं, सरांनी मुद्दाम फसवलं. टाळ्या पडल्या. सर त्या टाळ्या ऐकत तसेच उभे होते, आणि मला कुठे तोंड लपवू असं झालं.

हॉल रिकामा झाल्यावर म्हणाले, "राजीनामा टाइप कर."

"कोणाले काही कळलं नाही, सर."

"तेच तं. मी चुकलो अन् साऱ्यायनं लिहून घेतलं. त्या एकीनं पाहिलं. आता मी कोणत्या तोंडानं उभा राहू?"

मी खूप विनवण्या केल्या, भांडलेसुद्धा. शेवटी टाइप केला, आणि सही कुठे करायची ते त्यांचा हात धरून दाखवलं.

आता ते घरीच असतात. दुपारी, तास सुरू व्हायच्या आधी, मी फोन लावते. एखादी स्लाइड समोर घेते आणि दिसेल ते सांगत जाते: रंग कसा, पेशी केवढ्या, मधे काय साचलंय. ते मधूनमधून विचारतात, मी पुन्हा बघून सांगते, आणि मग ते आजार ओळखतात. आजवर एकदाही चुकले नाहीत. मी "बरोबर" म्हणते, ते "हव" म्हणतात, आणि मी पुढची स्लाइड समोर घेते.